हर्मेटिक

इल्मेनाऊमध्ये, काचशाळेच्या मागच्या खोलीत
वगीह परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर इंग्रजी पट्ट्या चिकटवतो.
पट्टीवर एकच विशेषण, ठळक.
म्हणजे काय, त्यानं वाल्ट्राउटला विचारलं.
चाळीस वर्षं काचेची तोंडं मिटवत आलेली बाई;
बोलायचं असलं की आधी ज्योत बारीक करते.

"म्हणजे घट्ट."
"मुंगी शिरणार नाही असं?"
"मुंगी फार मोठी. श्वास शिरणार नाही असं."

आणि करून दाखवलं:
कुपीची मान ज्योतीत धरायची, फिरवत राहायची,
काच लाल, मग केशरी, मग ऐकायला लागते,
चिमट्यानं ओढली की मधासारखी तार,
तार तुटते, टोकाशी गव्हाएवढी गाठ.
बूच नाही, लाख नाही, मेण नाही.
भांड्यानं आपल्याच अंगानं आपलं तोंड शिवलेलं.

"जुने किमयागार असंच करत," ती म्हणाली.
पारा, गंधक, आणि बरीचशी आशा
अंड्यासारख्या काचेत कोंडायची
आणि निखाऱ्यांपाशी महिनोन्‌महिने
मिठाची गुळणी धरून बसायचं.
ही युक्ती आम्हाला तिप्पट थोर हर्मीसनं दिली, असं सांगत.
तो होता का, हे विचारायचं नाही.
त्याच्या नावावर पोथ्या होत्या,
आणि त्या पोथ्यांत कुणाचा पाय ठरत नसे.
म्हणून हे विशेषण आजही दोन ठिकाणी चिकटतं:
औषधाच्या कुपीवर,
आणि अर्थ न लागणाऱ्या कवितेवर.

(हर्मिट, तो एकांतातला साधू, यांच्यातला नव्हे.
तो वाळवंटाच्या शब्दातून आला.
चेहरे जुळले म्हणून भाऊ होत नाहीत.)

वगीह हसला.
"तुमच्या हर्मीसला आमच्याकडे आधी थोत म्हणत.
माझ्या गावाजवळ, अशमुनैनला,
त्याची दोन दगडी वानरं उभी आहेत.
शेनूदामामा म्हणायचा, ती ऐकतात, खोटं बोलू नकोस.
मी त्यांच्यासमोरच खोटं बोलायला शिकलो."

मग जरा थांबून,
"पण ग्रीकांचा हर्मीस तर रस्त्यांचा देव ना?
उंबरठ्यांचा, निरोपांचा, चोरांचा.
अशा भटक्याचं नाव कुलपाला कुणी दिलं?"

वाल्ट्राउटनं ज्योत मोठी केली.
"कुलूप चोरामुळेच तर असतं," म्हणाली,
आणि पुढची कुपी उचलली.

बुधवारी निळी परीक्षा.
तीनशे कुप्या निळ्या पाण्यात बुडवायच्या,
वरची हवा शोषून घ्यायची, मग परत सोडायची.
तडा असेल तर पाणी स्वतःच वाट काढतं.
बाहेर काढून, धुऊन, दिव्यासमोर धरायच्या.
पांढरी. पांढरी. पांढरी.
एकीच्या तळाशी निळा, भुवईएवढा.
तडा कुठे आहे ते भिंगातूनही दिसेना.
वाल्ट्राउटनं वहीत लिहिलं: गळती, एक.
आणि कुपी टोपलीत टाकायला त्याच्याकडे दिली.

ती कुपी आता बेकरीवरच्या भाड्याच्या खोलीत,
खिडकीच्या कडेवर.
रात्री मल्लावीहून बहिणीचा फोन आला,
मारियाननं विचारलं, तिथे काम काय करतोस नेमकं.
"तोंडं बंद करतो," तो म्हणाला,
आणि नेमकी तेव्हाच लाईन गेली.
खाली पीठ मळायचं यंत्र सुरू झालं, तीन वाजलेले.
काच थरथरली, निळा थेंब
या भिंतीकडून त्या भिंतीकडे गेला, परत आला,
बाहेर यायचा रस्ता त्याला आठवेना.

सकाळी वाल्ट्राउटनं टोपली मोजली.
"एक कमी आहे."
"माझ्याकडे आहे."
"फुटकी कुपी? कशाला?"
"आत कुणीतरी आहे."
"कोण?"
वगीहनं पुढची पट्टी सोलली, खोक्यावर दाबली,
अंगठ्यानं कडा नीट बसवल्या.
"आमच्या गावचा आहे," म्हणाला.